ब्रिटनने युरोपीय संघ सोडताना मच्छीमारांना, जिब्राल्टरला, उत्तर आयर्लंडला खरंच विचारलं होतं का?

पौडरोडचा_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करतोय. एखादा देश व्यापारी गटातून बाहेर पडतो तेव्हा ज्या धंद्यांच्या आणि प्रदेशांच्या पोटावर पाय येणार असतो, त्यांना सरकार विचारतं का, कधी विचारतं आणि विचारल्यावर पुढे काय होतं, हा माझ्या प्रबंधिकेचा विषय. उदाहरण ब्रिटनचं घेतलंय, कारण कागदपत्रं भरपूर आहेत. आता तीच अडचण झालीय. कागद वाचले तर असं वाटतं की सगळ्यांना सगळं विचारलं होतं: समित्या, बैठका, श्वेतपत्रिका. बातम्या वाचल्या की वाटतं कुणालाच काही विचारलं नव्हतं.

विषय सुचला तो घरच्या अनुभवावरून. मुळशीकडे आमची दीड एकर जमीन आहे. तिथून जाणाऱ्या एका रस्त्यासाठी हरकती व सूचना मागवल्याची नोटीस निघाली होती. वडिलांनी स्वतःच्या अक्षरात दोन पानी अर्ज लिहिला, दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून पोच घेतली. ती पोच अजून कपाटात सातबाऱ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत आहे. अर्जाचं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही.

तिकडे राहणारं किंवा त्या धंद्यातलं कुणी इथे आहे का? प्रत्यक्षात काय घडलं ते ऐकायचंय. मासेमारी, जिब्राल्टर (स्पेनला लागून असलेला ब्रिटनचा प्रदेश), फॉकलंड (दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनची बेटं), उत्तर आयर्लंड (ब्रिटनच्या राज्यातला, पण आयर्लंड प्रजासत्ताकाला लागून असलेला भाग), यांपैकी कशाहीबद्दल चालेल.

ठाणेकर

सार्वमत घेतलं की. २३ जून २०१६. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के. अख्ख्या देशाला विचारल्यावर मच्छीमारांना वेगळं आणि जिब्राल्टरला वेगळं कशासाठी विचारायचं? मोजणी एकदाच होते, आणि ती झाली.

बंदरावरून

विद्यार्थ्या, वयाने लहान असशील म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी मूळची रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले आणि २००८ पासून स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, पीटरहेडपासून गाडीने अर्ध्या तासावर, एका मासळी कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. आमचा कारखाना लहान, साठेक माणसं. जिवंत लांगुस्टीन, खेकडे आणि थोडी ताजी मासळी फ्रान्सला आणि स्पेनला जाते. तेव्हा मी जे सांगते ते एका गोदीवरून दिसलेलं आहे.

आधी ठाणेकरांना. दादा, सार्वमताच्या चिठ्ठीवर प्रश्न एवढाच होता की राहायचं की सोडायचं. कसं सोडायचं हे त्या चिठ्ठीवर नव्हतं. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण तिथली मासळी त्याच बाजारपेठेच्या नियमांखाली जाते. तसं करता आलं असतं, नाही तर सगळं तोडता आलं असतं. आमच्या धंद्याचं नशीब त्या ‘कसं’मध्ये होतं. एकल बाजारपेठही (सगळ्या सदस्य देशांत मालाला सारखे नियम) सोडायची आणि सीमाशुल्क संघही (आपसांत सीमाशुल्क नाही) सोडायचा, हे तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ ला लँकेस्टर हाउसमधल्या भाषणात सांगितलं. मी ते जेवणाच्या सुट्टीत, हातमोजे काढून, मोबाइलवर पाहिलं. आम्हाला विचारायला माणसं आली ती त्यानंतर.

आणि आली, हेही खरं. कुणीच विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ च्या जुलैत मासेमारीवर श्वेतपत्रिका निघाली, तिच्यावर मतं मागवली. आमच्या संघटनेने लांबलचक उत्तर पाठवलं. पुढे एका सरकारी खात्याचे दोन अधिकारी इथल्या हॉटेलच्या हॉलमध्ये आले होते. पडदा, चहा, शॉर्टब्रेड, आणि आम्ही चाळीसेक जण. माझ्या शेजारी बांगडा पकडणाऱ्या एका मोठ्या बोटीचा मालक बसला होता. त्याचा प्रश्न कोट्याचा: आमच्या समुद्रातला मासा आम्हाला किती मिळणार? त्याच्या डोळ्यांत खरी आशा होती. मला त्याची थट्टा करायची नाही, कारण त्याच्या वडिलांनी गावातल्या बोटी मोडीत निघताना पाहिल्या होत्या. युरोपच्या समान मत्स्य धोरणावरचा (कुणी किती मासा पकडायचा ते संघाने ठरवायचं) त्यांचा राग पिढीजात आहे.

माझा प्रश्न वेगळा होता. आमच्यासारख्या लहान कारखान्याचा माल अख्खा ट्रक भरत नाही. दहा-पंधरा जणांची खोकी एकाच ट्रकात जातात, याला इथे ग्रुपेज म्हणतात. आपल्याकडे एकाच टेम्पोत चार जणांच्या आंब्याच्या पेट्या जातात तसंच. उद्यापासून प्रत्येकाच्या मालाला वेगळा आरोग्य दाखला लागणार, मासा कुठल्या बोटीने पकडला त्याचा दाखला लागणार, सीमाशुल्काचे कागद लागणार. मी विचारलं, पंधरांतल्या एकाचा कागद चुकला तर बाकीच्या चौदांच्या मालाचं काय? दोघांतल्या तरुण अधिकाऱ्याने मान डोलावली, लिहून घेतलं आणि म्हणाला, मुद्दा महत्त्वाचा आहे, मी वर पोचवतो. तो माणूस प्रामाणिक होता, मला त्याच्याबद्दल शंका नाही. मीही माझ्या वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. ही आमची पोच.

आता जानेवारी २०२१ ऐक. त्याआधी २४ डिसेंबरला करार ठरला. मजकूर बाराशे पानांच्या वर. ३० डिसेंबरला एका दिवसात ब्रिटिश संसदेने कायदा मंजूर केला आणि ३१ च्या रात्री अकराला नियम बदलले. म्हणजे धंद्याला कागद वाचायला मिळाला एक आठवडा, तोही नाताळचा.

लांगुस्टीन तुम्ही पाहिली नसेल. लांब नांग्यांची, केशरी रंगाची, कोळंबीची मोठी बहीण म्हणा. ती जिवंत पाठवायची म्हणजे प्रत्येकीला प्लास्टिकच्या नळकांड्यात वेगळं उभं करतात, नाही तर एकमेकींना फाडतात. पूर्वी संध्याकाळी माल निघाला की दुसऱ्या रात्री उत्तर फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेरच्या बाजारात असायचा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमची बेचाळीस खोकी ग्लासगोजवळच्या लार्कहॉलच्या निर्यात केंद्रावर अडकली. ट्रकातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी दाखल्यावर नको असलेल्या ओळी खोडायच्या राहिल्या होत्या. दाखला पशुवैद्यकाने किंवा स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याने सही-शिक्क्यानिशी द्यायचा, आणि माल फ्रान्समध्ये उतरणार म्हणून फ्रेंच प्रतही हवी. एक ओळ खोडायची राहिली तर सगळं परत. तिसऱ्या दिवशी खोकी आमच्याकडे माघारी आली. मी नळकांडी एकेक उघडून पाहिली. जिवंत लांगुस्टीनच्या शेपटीला बोट लावलं की ती शेपटी झटकन पोटाशी ओढून घेते. त्या दिवशी बोट लावत गेले आणि शेपट्या तशाच सैल राहिल्या. तिसऱ्या खोक्यानंतर मी मोजणं थांबवलं.

१८ जानेवारीला स्कॉटलंडचे मासळीवाले ट्रक घेऊन लंडनला व्हाइटहॉलमध्ये, सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर, गेले, ते बातम्यांत आलं. त्यानंतर सरकारने २ कोटी ३० लाख पौंडांची भरपाई जाहीर केली. मी हॉटेलात विचारलेला प्रश्न सरकारने ऐकला तो ट्रक दारात उभे राहिल्यावर.

त्या बांगडेवाल्याचंही सांगते, नाही तर गोष्ट अर्धी राहील. करारात ठरलं की युरोपीय बोटी ब्रिटनच्या पाण्यात जेवढ्या किमतीची मासळी पकडत, तिच्यातला २५ टक्के वाटा साडेपाच वर्षांत हळूहळू ब्रिटनकडे येईल. त्यांना वाटलं होतं समुद्र परत मिळेल. आणि २०२५ च्या मे महिन्यात युरोपीय बोटींची ब्रिटनच्या पाण्यात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवली. तोंडाला पानं पुसली, ही भावना आज धक्क्यावर कुणालाही विचार, ऐकायला मिळेल. म्हणून प्रबंधात ‘मासेमारी उद्योग’ असा एक गठ्ठा करू नकोस. पकडणारा वेगळा, विकणारा वेगळा. सार्वमताआधी टेम्स नदीत बोटींचा ताफा गेला तो पकडणाऱ्यांचा. त्यांचं दुःख घोषणेत बसत होतं. आमचं दुःख दाखल्यातल्या न खोडलेल्या ओळीचं. त्याचा फलक कसा करणार?

शेवटचं, आणि तुझ्या कामाचं. २०१७ साली ब्रेक्झिट खात्याने, म्हणजे संघातून बाहेर पडण्याचं काम पाहणाऱ्या खात्याने, धंद्यांशी बोलून ५८ क्षेत्रांचा अभ्यास केल्याचं सांगितलं होतं. विरोधकांनी १ नोव्हेंबर २०१७ ला संसदेत ठराव करून ते कागद मागितले. मग ३९ अहवाल, साडेआठशे पानांच्या आसपास, संसदीय समितीला मिळाले. ६ डिसेंबरला मंत्री डेव्हिड डेव्हिस यांनी समितीपुढे सांगितलं की परिणामांचं मूल्यमापन असं केलेलंच नाही. नाताळाआधी समितीने ते अहवाल प्रसिद्ध केले. ते उतरवून घे. प्रत्येकात क्षेत्राची माहिती आहे, युरोपचे सध्याचे नियम आहेत, इतर देश कसा व्यापार करतात ते आहे. आणि धंद्यातल्या लोकांचं म्हणणं मांडणारा एक भाग होता, तो प्रसिद्ध करताना वगळला. मासेमारीच्या अहवालातही. लोक काय म्हणाले, तेवढंच नेमकं बाहेर आलं नाही.

ठाणेकर

ताई, मतपत्रिकेवर ‘कसं’ नव्हतं हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मान्य. पण वाटाघाटी चालू असताना धंद्यांची मतं उघड केली तर समोरच्याला आपली दुखरी नस कळणार नाही का? वगळण्यामागे तेही कारण असेल.

बंदरावरून

सरकारचं म्हणणं तेच होतं, आणि काही धंद्यांनी गुप्ततेच्या भरवशावर माहिती दिली होती हेही खरं. पण दादा, आमचा माल फ्रान्स घेतं. आमची दुखरी नस बुलोन्यच्या दलालाला आमच्याआधी ठाऊक असते. ठाऊक नव्हती ती लंडनला.

बेलफास्टकर

चौदा वर्षं बेलफास्टमध्ये आहे, रुग्णालयांच्या संगणक प्रणालीचं काम करतो. धंदेवाला नाही, पण जे डोळ्यांसमोर घडलं ते सांगतो.

विद्यार्थीमित्रा, तुझ्यासाठी पहिला कागद : १० ऑगस्ट २०१६ चं पत्र. सार्वमताला दोन महिनेही झाले नव्हते. इथल्या सरकारच्या प्रमुख अर्लीन फॉस्टर आणि उपप्रमुख मार्टिन मॅकगिनेस यांनी मिळून थेरेसा मे यांना लिहिलं. एकीचा पक्ष बाहेर पडा म्हणणारा, दुसऱ्याचा राहा म्हणणारा. या दोन पक्षांचं आपसांत किती वैर आहे ते इथे राहिल्याशिवाय समजत नाही. तरी दोघांनी सही केली, कारण सीमा, शेतीमाल, वीज, युरोपचा निधी हे विषय दोघांच्याही लोकांचे होते. विचारायच्या आधीच प्रदेशाने एका सुरात सांगितलं होतं.

मग जानेवारी २०१७ मध्ये मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. कारण ब्रेक्झिट नव्हतं, एका ऊर्जा योजनेतला घोटाळा होता. इथलं सरकार कोसळलं ते थेट जानेवारी २०२० ला परत उभं राहिलं. लंडनने स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्यासाठी एक संयुक्त मंत्री समिती नेमली होती. तिच्यात सगळ्यात मोठा प्रश्न आमच्या सीमेचा, आणि बरोबर ती तीन वर्षं आमच्या बाजूने बसायला मंत्रीच नव्हता. त्यातही फेब्रुवारी २०१७ ते ऑक्टोबर २०१७ ही समिती भरलीच नाही, आणि बाहेर पडण्याचं अधिकृत पत्र ब्रुसेल्सला गेलं ते मधल्या काळात, २९ मार्चला.

उलट बाजूही बघ. जून २०१७ च्या निवडणुकीनंतर मे यांचं सरकार फॉस्टर यांच्या पक्षाच्या १० खासदारांवर टिकलं होतं. ४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रुसेल्समध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्याबरोबर जेवायला बसल्या होत्या, सीमेचा मसुदा जवळपास ठरला होता; फॉस्टर यांनी फोनवरून नकार कळवला आणि त्या दिवशीचा करार थांबला. एका पक्षाचा फोन जेवणाच्या टेबलापर्यंत पोचत होता. सार्वमतात इथल्या मतदारांपैकी ५५.८ टक्के राहा म्हणाले होते, त्यांचा फोन कुठेच लागत नव्हता.

दुधाचं उदाहरण घे. इथलं सुमारे एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी सीमेपलीकडे, आयर्लंड प्रजासत्ताकात जातं. माझ्या मुलाच्या वर्गमित्राच्या आजोबांच्या टायरोनमध्ये गाई आहेत. टँकर गोठ्यावरून निघतो आणि चाळीस मिनिटांत दुसऱ्या देशात असतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांना विचारलं, सीमा कुठे आहे? ते म्हणाले, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी झाली की समज. शेवटी जी व्यवस्था झाली तिच्यात ती रेघ तशीच राहिली आणि तपासणी आयरिश समुद्रावर गेली. दूधवाल्यांचं ऐकलं गेलं असं म्हणता येईल. पण मग ब्रिटनमधून इकडे माल आणणाऱ्या दुकानदारांचं काय? सुपरमार्केटना तीन महिन्यांची सवलत मिळणार हे त्यांना कळलं १ जानेवारीच्या तीनेक आठवडे आधी. जानेवारीत इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका दुकानाने आम्हाला कळवलं की उत्तर आयर्लंडला पार्सल बंद. त्या वर्षी चकलीची भाजणी आईने पुण्याहून पाठवली.

निफाडचा_बागायतदार

आम्ही न्हावा शेव्यातून रॉटरडॅमला द्राक्षं पाठवतो, त्यातली काही पुढे इंग्लंडला जायची. युरोप एकच बाजार होता तोवर व्यापाऱ्याला भाव बघून माल इकडचा तिकडे करता यायचा. नंतर इंग्लंडचा कंटेनर वेगळा ठरवावा लागला. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या उर्वरित अंशावरून युरोपात आमचा माल अडकला होता, त्यात बरेच शेतकरी कर्जात गेले. तेव्हापासून नियम बदलणार म्हटलं की पोटात गोळा येतो. आमच्यासारख्या बाहेरच्या माल पिकवणाऱ्याला त्या देशाने विचारायची काही पद्धत होती का? का आम्ही हिशेबातच नव्हतो?

पौडरोडचा_विद्यार्थी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती. दोन शंका. एक, प्रदेशांना विचारायचं कायद्याने बंधन होतं का? दुसरी, जिब्राल्टर आणि फॉकलंड दोन्ही लहान, दोन्ही लंडनवर अवलंबून, मग एकाला करार मिळतो आणि दुसऱ्याला नाही, असं का?

बंदरावरून

बागायतदार दादा, एक पद्धत होती. युरोपचे आयातकर जाऊन ब्रिटनचे स्वतःचे येणार, त्यावर सरकारने ६ फेब्रुवारी ते ५ मार्च २०२० जाहीर मतं मागवली आणि १९ मेला नवे दर जाहीर केले. कोण काय म्हणालं त्याचा गोषवारा आणि सरकारचं उत्तर, दोन्ही छापलं. माझ्या पाहण्यातली ही त्यातल्या त्यात नीट झालेली गोष्ट. पण मुदत चारच आठवडे, आणि त्या चार आठवड्यांत तुमच्याकडे तोडणी ऐन भरात असते. पॅकहाउस सोडून कोण अर्ज भरत बसणार?

आता कायद्याचं. बंधन नव्हतं. २४ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेला विचारल्याशिवाय सरकारने बाहेर पडायचं पत्र द्यायचं नाही, पण स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळांची संमती कायद्याने सक्तीची नाही. तो एक राजकीय संकेत आहे, न्यायालय तो राबवणार नाही. हे दुसरं मत एकमुखी होतं. पुढे जानेवारी २०२० मध्ये तिन्ही विधिमंडळांनी बाहेर पडण्याच्या कराराच्या कायद्याला संमती नाकारली आणि कायदा तरीही झाला. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक राहा म्हणाले होते. मी स्वतः त्या बासष्टांत नाही, मला तेव्हा मत नव्हतं असं काही जण गृहीत धरतात. होतं. राष्ट्रकुलातल्या इथे राहणाऱ्या नागरिकांना होतं. उलट माझ्या टेबलावर मासे सोलणाऱ्या पोलंडच्या आणि लाटव्हियाच्या बायका, ज्यांच्यावर सगळ्यात जास्त परिणाम होणार होता, त्यांना नव्हतं. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत निम्म्याहून जास्त माणसं त्या देशांतली. मी त्या दिवशी कामावरून सुटून रांगेत गेले, त्या बसने घरी गेल्या. आणि मी कोरी चिठ्ठी टाकली. मला दोन्ही बाजू कळत नव्हत्या. त्या निर्णयाचं आजही वाईट वाटतं.

जिब्राल्टर आणि फॉकलंड. जिब्राल्टरला निदान मत होतं. ९५.९ टक्के राहा म्हणाले: १९,३२२ विरुद्ध ८२३. तरी बाहेर पडण्याच्या २९ मार्च २०१७ च्या पत्रात जिब्राल्टरचं नाव नव्हतं. महिनाभरात युरोपने आपली दिशा ठरवली तीत लिहिलं की स्पेन आणि ब्रिटन यांचं जमल्याशिवाय करार जिब्राल्टरला लागू होणार नाही. म्हणजे आपल्या सरकारने नाव घेतलं नाही, समोरच्याने घेतलं. पण जिब्राल्टरकडे एक ताकद होती. रोज १५,००० च्या आसपास माणसं सीमा ओलांडून तिथे कामाला येतात, बहुतेक शेजारच्या ला लिनिआ आणि आसपासची. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने १९६९ मध्ये ती सीमा बंद केली होती, ती पुरती उघडायला १९८५ उजाडलं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना ते आठवतं. सीमा आवळली तर स्पेनच्या घरांतली चूलही विझते. म्हणून २०२० च्या ३१ डिसेंबरला ऐन वेळी तात्पुरतं जमलं आणि ११ जून २०२५ ला राजकीय तडजोड झाली. साडेचार वर्षं लागली, पण झाली.

फॉकलंडला मतच नव्हतं. साडेतीन हजार वस्ती, आणि उत्पन्नाचा मुख्य आधार माकुल (स्क्विड). तिथलं माकुल स्पेनमधल्या विगोला जातं. स्पेनच्या हॉटेलांत तळलेल्या चकत्या खाल्ल्या असतील तर त्या तिथल्याच असण्याचा संभव बराच. फॉकलंडचं सरकार पहिल्यापासून सांगत होतं की आम्हाला विनाशुल्क ठेवा. लंडनने त्यांच्याशी बैठका घेतल्या, ऐकून घेतलं. युरोपने समुद्रापारच्या प्रदेशांना करारात घ्यायला नकार दिला आणि लंडनने त्यासाठी करार अडवला नाही. १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या मासळीवर ६ ते १८ टक्के कर बसला. इथे कुणी विचारलं नाही म्हणून नुकसान झालं असं नाही. नीट विचारलं, नीट उत्तर मिळालं, आणि टेबलावर ते सोडून दिलं. तुझ्या प्रबंधात ही जागा मोकळी ठेव, कारण विचारविनिमयाची नोंद पाहिली तर फॉकलंडचा कागद आमच्यापेक्षा चांगला दिसेल.

विचारणं खरं होतं का, ते मोजायला काठी हवी असेल तर इथल्या न्यायालयांत १९८५ पासून एक चालत आलीय. लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळांवरून झालेल्या खटल्यातली, गनिंग नावाने ओळखतात. निर्णय कच्चा असतानाच विचारा, लोकांना विचार करता येईल इतकी कारणं सांगा, पुरेसा वेळ द्या, आणि आलेली उत्तरं मनापासून विचारात घ्या. वडिलांच्या अर्जालाही लावून बघ. बहुतेक सगळे पहिल्या अटीवरच अडखळतात. लँकेस्टर हाउसचं भाषण झाल्यावर हॉटेलात येऊन मला विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

बेलफास्टकर दादांनी सांगितलेलं ऑगस्ट २०१६ चं पत्र आधी मिळव. निर्णय कच्चा असताना दिलेला तो कागद आहे. आणि वहीतल्या त्या पानाचा फोटो तुला आज रात्री पाळी संपल्यावर पाठवते. अधिकाऱ्याचं नाव मी खोडलंय. तारीख, प्रश्न आणि खाली त्याचं ‘वर पोचवतो’ एवढं वाचता येईल. कोपऱ्यावर चहाचा डाग आहे तो हॉटेलातलाच.